एका फरशीचा फरक



आपल्या घरातल्या मुली आणि मुले आता कॉम्प्युटरच्या डिप्लोम्याला, बी.सी.ए.ला जाऊ लागली आहेत. पोरगी रात्री लॅपटॉप उघडून बसली म्हणजे 'अभ्यास करते' एवढे आपल्याला कळते. ती नेमके काय करते, हे विचारायला मात्र आपण बिचकतो. ते इंग्रजीचे आणि मोठ्या शिक्षणाचे काम, आपल्याला काय समजणार, असे आपणच ठरवून टाकतो. आज त्यातला एक लहानसा भाग पाहू. त्याला कागद, पेन्सिल आणि घरातली फरशी एवढे पुरे.

मुकुटबनचे एखादे घर डोळ्यांसमोर आणा. वडील फरशी बसवणारे मिस्त्री, काम कधी गावात तर कधी वणीला. आई हंगामात कापूस वेचायला जाते. मुलगी कॉम्प्युटर शिकते. घरात जुना, दुसऱ्याने वापरलेला लॅपटॉप आहे. एका रात्री मुलगी रडकुंडीला आली. तिला पडद्यावर दोन चौकटी एकमेकींना अगदी लागून काढायच्या होत्या. तासभर झाला तरी दुसरी चौकट पहिलीवर एक ठिपका चढत होती. "मले जमतच नाही हे," म्हणून ती लॅपटॉप बंद करायला निघाली.

ती काय करत होती? कॉम्प्युटरच्या पडद्यावर बटणे, खिडक्या, याद्या दिसतात. त्या प्रत्येकाने पहिल्यापासून काढायच्या नसतात. त्यासाठी तयार कामांचा साठा मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. 'क्यूट' ही अशीच एक लायब्ररी. तिचा जन्म नॉर्वे देशातला. 1990 साली हाव्हार्ड नोर्ड आणि आइरिक शॅम्बे-एंग हे दोन तरुण सोनोग्राफीची चित्रे साठवणारा प्रोग्राम लिहीत होते. तो प्रोग्राम वेगवेगळ्या जातीच्या कॉम्प्युटरांवर चालायला हवा होता. त्या अडचणीतून ही कल्पना निघाली. 1994 साली त्यांनी कंपनी काढली आणि मे 1995 मध्ये लायब्ररी लोकांसमोर आली. आज कॉम्प्युटरवर सिनेमा दाखवणाऱ्या, नारिंगी शंकूची खूण असलेल्या व्हीएलसीची चौकट याच लायब्ररीवर उभी आहे. गावाचे, शेताचे नकाशे काढणारे फुकटचे क्यूजीआयएस हेही तिच्यावरच चालते.

या साठ्यात भूमितीचे काही लहान साचे आहेत. इंग्रजीत त्यांना क्लास म्हणतात, पण आपल्याला विटांचा साचा आठवला तर जास्त समजेल. साचा एक, त्यातून विटा हव्या तितक्या. 'क्यू-पॉइंट' हा एका ठिपक्याचा साचा. त्यात दोन आकडे: डावीकडून किती आणि वरून किती. 'क्यू-साइज' म्हणजे रुंदी आणि उंची. 'क्यू-लाइन' म्हणजे दोन टोकांची रेघ. 'क्यू-रेक्ट' म्हणजे चौकट. तिला चार आकडे लागतात: डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. शाळेच्या आलेखात वर जावे तसा आकडा वाढतो. पडद्यावर शून्य हा वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि खाली यावे तसा आकडा वाढतो. आपण वहीत लिहितो तसेच. मुलांचे पहिले चित्र उलटे येते ते बहुधा यामुळे.

हे साचे बरीच कामे करतात. उंदराचा बाण बटणाच्या आत आहे का, हे चौकट सांगते. दोन चौकटी एकमेकींवर येतात का, येत असतील तर सामाईक भाग किती, तेही सांगते. दोन सतरंज्या थोड्या एकीवर एक अंथरल्या म्हणजे जो भाग दुहेरी होतो, तोच हा. चौकट हलवण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यात नवशिकी मुले हमखास गोंधळतात. 'मूव्ह-लेफ्ट' म्हटले तर पेटी सरकवावी तशी सगळी चौकट सरकते, माप तेच राहते. 'सेट-लेफ्ट' म्हटले तर फक्त डावी भिंत सरकते आणि खोलीच लहान-मोठी होते.

आणखी एक गंमत आपल्या शेतकऱ्यांना आवडेल. उभ्या पिकातून आडवे जायचे नाही, धुऱ्याधुऱ्याने जायचे. तीन पावले पूर्वेला, चार उत्तरेला, म्हणजे चालणे सात पावलांचे. सरळ गेलो असतो तर पाच. ठिपक्याच्या साच्यात या धुऱ्याच्या अंतराला 'मॅनहॅटन' लांबी म्हणतात. अमेरिकेतल्या न्यूयॉर्कच्या त्या भागातले रस्ते असेच काटकोनात आहेत, म्हणून हे नाव. यात नुसती बेरीज आहे, वर्गमूळ काढावे लागत नाही, म्हणून हिशेब झटपट होतो. आपण एखादी वस्तू नुसती दाबली की ओढायला लागलो, हे याच अंतराने ओळखतात. सहसा दहा ठिपक्यांइतका हात सरकला की ओढणे सुरू झाले असे धरतात.

आता त्या रात्रीच्या रडण्याकडे येऊ. पहिली चौकट शून्यापासून सुरू होत होती, रुंदी दहा. मुलीने चौकटीला विचारले, "तुझी उजवी बाजू कुठे?" उत्तर आले, नऊ. म्हणून तिने दुसरी चौकट नऊपासून सुरू केली, आणि ती पहिलीवर चढली.

वडील शेजारी येऊन बसले. त्यांना प्रोग्राम वाचता येत नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, "तू फरशा कुठून मोजतं?"

"शून्यापासून."

"मंग दहा फरशांत शेवटचीचा नंबर किती?"

"नऊ."

"आन् भित कुठं लागते?"

मुलगी गप्प झाली. शून्यापासून मोजले तर शेवटची फरशी नऊ नंबरची, पण ती जिथे संपते ती कड दहावर.

वडील म्हणाले, "लायब्ररीनं तुले फरशीचा नंबर देल्ला, तू त्याले भित समजली. शेवटच्या फरशीवरच दुसरी फरशी ठेवली तू."

तिने सुरुवात आणि रुंदी यांची बेरीज केली, दहा आले. दुसरी चौकट दहापासून काढली. ती नीट लागून बसली.

यात मुलीची अक्कल कमी नव्हती. या लायब्ररीच्या स्वतःच्या माहितीपुस्तकातच लिहिले आहे की, जुन्या कारणांमुळे चौकटीच्या उजव्या आणि खालच्या बाजूचे उत्तर खऱ्या कडेपेक्षा एकने कमी येते. ते वापरू नका, सुरुवात आणि रुंदी यांची बेरीज करा, असा सल्लाही तिथेच दिला आहे. सुरुवातीला घेतलेला तो निर्णय 2020 साली आलेल्या सहाव्या आवृत्तीतही तसाच ठेवला गेला. आता तो बदलला तर त्यावर उभे असलेले असंख्य जुने प्रोग्राम बिघडतील. अपूर्णांक घेणारी चौकट, 'क्यू-रेक्ट-एफ', मात्र खरी कड सांगते. त्यामुळे एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना उजवी बाजू एकने बदलते, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो रात्रभर स्वतःलाच दोष देत बसतो.

हा घोटाळा कॉम्प्युटरपुरता नाही. विहाराच्या आवाराला तीस फूट तारेचे कुंपण घालायचे, दर दहा फुटांवर खांब. खांब किती? घाईने तीन म्हणाल आणि शेवटी एक कमी पडेल. गाळे तीन, पण खांब चार. एकचा फरक आला की आपण गाळे मोजतो आहोत की खांब, हे आधी विचारावे.

पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाला चूक झाली की 'हे आपले काम नाही' असे फार लवकर वाटते. ज्याच्या घरात दोन इंजिनियर असतात त्याला कोणीतरी सांगते, 'अरे, ती जुनी खोड आहे.' आपल्या मुलीला ते सांगणारे घरात कोणी नसते. म्हणून तिने माहितीपुस्तक वाचायची सवय लावून घ्यावी. ते फुकट मिळते. लायब्ररीही शिकण्यासाठी फुकट उतरवून घेता येते, आणि तिच्या आतले लेखनसुद्धा उघडून पाहता येते. त्याला कोणाची शिफारस लागत नाही. इंग्रजी अडले तर शब्दकोश घ्यावा. रविवारी दोन-चार मुलांनी एका लॅपटॉपभोवती बसावे.

आणि आईवडिलांनी काय करावे? जवळ बसावे आणि विचारावे, "तू काय मोजून राह्यली?" तुम्ही आयुष्यभर फरशा, विटा, तास आणि धुरे मोजले आहेत. हे तुमचेच ज्ञान आहे, ते तुमच्या मुलीच्या कामी येऊ द्या.