पाण्याच्या पंक्तीत वनवासी कुठे?

मराठवाड्यातील पाणीटंचाईची चर्चा निघाली की जालना जिल्ह्याचे नाव हटकून येते. १९७२ चा दुष्काळ ज्येष्ठांना विसरता येत नाही आणि २०१२ चा तरुणांना. त्याच जिल्ह्यात कडवंची या गावाने १९९६ पासून मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाचे काम केले, शेततळी खोदली, द्राक्षबागा उभ्या केल्या. लोक एकत्र आले तर दुष्काळावर मात होते, हे कडवंचीने सिद्ध केले. हे यश निर्विवाद आहे.

परंतु एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. शेततळे ज्याची जमीन त्याचे. मग ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याचे काय? अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या कुशीतील भोकरदन, जाफराबाद भागात भिल्ल बांधवांच्या वस्त्या आहेत. जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम दोन टक्के. संख्येने इतक्या अल्प समाजाचा आवाज आराखड्याच्या बैठकीत कोण ऐकणार?

कायदाही येथे तोकडा पडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविले. मात्र मराठवाड्यात असे क्षेत्र आहे ते केवळ नांदेड जिल्ह्यात, किनवट परिसरात. जालन्याचा भिल्ल या तरतुदीच्या कक्षेबाहेर राहिला. २००२ च्या राष्ट्रीय जलनीतीने वनवासी भागांसाठी प्रकल्प आखण्याचा विशेष प्रयत्न करावा, असे म्हटले होते. पण ‘त्यांच्यासाठी’ आखणे वेगळे आणि ‘त्यांच्यासह’ आखणे वेगळे. पहिल्यात उपकाराची भावना असते, दुसऱ्यात आत्मीयता.

‘त्यांच्यासह’ म्हणजे काय, हे धुळे जिल्ह्यातील बारीपाड्यात पाहावे. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार हे वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन गावीच राहिले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात गावकऱ्यांनी स्वतःच नियम केले, वृक्षतोडीला दंड ठरविला, पहारा बसविला आणि सुमारे १,१०० एकर जंगल राखले. जंगल राखले म्हणून पाणी मुरले आणि विहिरींना पाणी आले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले, तो गौरव संपूर्ण पाड्याच्या पुरुषार्थाचा आहे. तेथे नियम बाहेरून आले नाहीत, म्हणूनच ते टिकले.

कोणी म्हणेल, पाण्यात जात कशाला आणता? आक्षेप रास्त वाटतो. पण वेगळी चूल मांडा, असे येथे कोणी म्हणत नाही. एकाच पंक्तीत बसवा, एवढेच मागणे आहे. समरसता भाषणात नव्हे, पाणवठ्यावर तपासली जाते.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जलयुक्त शिवार अभियानात आराखड्यापूर्वी शिवारफेरीची पद्धत होतीच. अशी फेरी भिल्ल वस्तीपासून सुरू व्हावी. डोंगरातील झरे कोणत्या महिन्यापर्यंत टिकतात, हे तेथील वृद्धांना विचारावे. पाणी समितीत त्या वस्तीतील एक स्त्री असावी. भूमिहीनांना बंधाऱ्यातील मासेमारीचा, गाळाचा, चाऱ्याचा वाटा ग्रामसभेने ठरवून द्यावा. आपले कार्यकर्ते ज्या गावात आहेत, तेथे हे याच उन्हाळ्यात होऊ शकते.

डोंगरमाथ्यावर पडलेला थेंब खालच्या विहिरीत येतो. माथ्यावरच्या माणसाला वगळून पायथ्याचे नियोजन कसे पूर्ण होईल?