श्वानाचे ताट आणि आपली पुडी

फर्दापूर हे अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी वसलेले गाव. भोवती कपाशी आणि मक्याची शेती, आणि मळ्याच्या राखणीस कुत्रा. पूर्वी हा कुत्रा गावठी असे. अलीकडे मात्र जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, क्वचित ग्रेट डेन अशा थोराड जातींची पिल्लेही दिसू लागली आहेत. त्यांचे मालक पशुवैद्यकाकडे जाण्यापूर्वी, जवळचे म्हणून, आमच्या औषधालयाची पायरी चढतात. ‘हाडे भक्कम होतील असे काहीतरी द्या’ ही त्यांची ठरलेली मागणी. अशा वेळी प्रवाळ, शंखभस्म अथवा कुक्कुटाण्डत्वक् भस्माची पुडी बांधून देण्याचा मोह होतो. तो आम्हालाही झाला होता, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहारविधीची जी आठ आयतने सांगितली, त्यांत शेवटचे आयतन ‘उपयोक्ता’, म्हणजे खाणारा, हे आहे. खाणारा बदलला की पथ्यापथ्यही बदलते. हत्तीसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आणि अश्वासाठी जयदत्ताचे अश्ववैद्यक असे स्वतंत्र ग्रंथ आपल्या परंपरेत निर्माण झाले, ते उगीच नव्हे. मनुष्याचे औषध वजनाच्या प्रमाणात कमी करून श्वानास देणे हे म्हणूनच आपल्याच शास्त्राला धरून नाही.

प्रथम हाडांचा प्रश्न घेऊ. थोराड जातीचे पिल्लू दीड ते दोन वर्षांपर्यंत वाढत असते. सुमारे सहा महिन्यांच्या आतील पिल्लाच्या आतड्यास जादा कॅल्शियम नीट अडविता येत नाही. पोटात गेलेल्या जादा कॅल्शियमचा बराच भाग शरीरात शोषला जातो. परिणामी कूर्चेचे अस्थीत रूपांतर होण्याची क्रिया बिघडते, पाय वाकतात, सांधे दुखू लागतात. समतोल तयार खाद्य खाणाऱ्या पिल्लास वरून भस्माची पुडी देणे म्हणजे भक्कमपणाच्या नावाखाली पांगळेपणास निमंत्रण होय. याउलट केवळ भाकरीवर किंवा केवळ मांसावर वाढणाऱ्या पिल्लास कॅल्शियम कमी पडते, हेही तितकेच खरे. परंतु ती उणीव किती व कशी भरावी, हे पशुवैद्यकाने मोजून ठरवावयाचे आहे; आपण अंदाजाने नव्हे.

दुसरा प्रश्न मात्रेचा. श्वानाचे वजन दहापट असले तरी त्याची आहाराची गरज सुमारे साडेपाच पटच असते. तीस किलो वजनाच्या, नित्य हिंडत्याफिरत्या प्रौढ श्वानास दिवसाला साधारणतः १४०० ते १५०० किलोकॅलरी पुरतात. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर श्वानांवर आयुष्यभर केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले गेले, ते जवळपास दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा झिजले. अतिस्थूल व अतिकृश या दोहोंत कृशता त्यातल्या त्यात बरी, हा चरकांचा अभिप्राय येथे सहजच आठवतो. आपल्या मराठवाड्यातील कारवानी कुत्रा मुळातच उंच, खोल छातीचा व बारीक कमरेचा. त्याच्या बरगड्या दिसतात म्हणून बृंहण चिकित्सा मागणाऱ्या मालकास ‘हीच याची प्रकृती’ असे समजावून सांगणे, हेच वैद्याचे काम.

मग ताटात असावे तरी काय? भाकरी किंवा भात श्वानास पचतो. परंतु नुसत्या ताकभाकरीवर मोठे शरीर पोसले जात नाही. त्यासोबत शिजविलेले अंडे, मांस वा मासे यांपैकी काही हवेच. शिजविलेली हाडे मात्र देऊ नयेत. त्यांचे अणकुचीदार तुकडे आतड्यास इजा करतात. दिवसाचे सर्व अन्न एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून द्यावे आणि खाल्ल्यावर लगेच पळवू नये. खोल छातीच्या श्वानाचे पोट फुगून जठरास पीळ पडण्याचा धोका असतो. पोट टम्म फुगले आहे, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, अशी अवस्था दिसल्यास ते आध्मान समजून हिंग्वाष्टक देत बसू नये. येथे काही तासांत प्राण जातो. तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या पशुचिकित्सालयाकडे पाठवावे.

शेवटी, औषधी दुकानदार बंधूंसाठी विशेष सूचना. द्राक्षे व मनुका श्वानाच्या वृक्कास घातक ठरू शकतात आणि किती मात्रेने अपाय होईल, हे आधी सांगता येत नाही. त्यातील टार्टारिक आम्ल हे याचे संभाव्य कारण मानले जाते. चिंचेतही तेच असते. कांदा व लसूण रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. म्हणजे घरची कांदा-लसणाची आमटी, आणि आपल्या फळीवरील द्राक्षासव, च्यवनप्राश, लशुनादि वटी, हे सर्व श्वानास वर्ज्यच.

पशूंवर चिकित्सा करण्याचा अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे. कायद्याची भीती दाखविण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. मुके जनावर आपली तक्रार सांगू शकत नाही. चुकीच्या पुडीचा परिणाम दिसेपर्यंत पिल्लाचे पाय वाकलेले असतात. तेव्हा श्वानासाठी औषध मागावयास कोणी आले, तर त्यास प्रथम ‘ताटात काय वाढता?’ एवढेच विचारावे, ताटातील दोष सांगावा आणि पशुवैद्यकाकडे वाट दाखवावी. त्या दिवशी एक पुडी कमी विकली जाईल, एवढेच. आपल्या शास्त्राची पत मात्र राहील.