यामचालाही पूर्ण लाईफ!

होस्टेलवर ‘ड्रॅगन बॉल फायटरझ’ लागला की प्रत्येकाला गोकू नाहीतर व्हेजिटाच हवा असतो. यामचा कोणी घेतला की नुसता हशा! कारण अकिरा तोरियामांच्या कथेत बिचाऱ्याला एक फुटकळ सायबामॅन संपवतो. तिथे स्काउटर डोळ्याला लावायचा, आकडा वाचायचा, की समोरच्याची लायकी ठरली!

२०१८ साली आलेल्या या गेममध्ये मात्र गोकू असो, फ्रीझा असो वा यामचा, प्रत्येकाची लाईफ सारखीच : १०,०००. इथे यामचा फ्रीझालाही धूळ चारू शकतो. एकच बटण बदडत राहिलं तरी कॉम्बो आपोआप लागतो. पण मार कधी अडवायचा, टीममधल्या दुसऱ्याला मदतीला कधी बोलवायचं, हे सरावानेच येतं.

मित्रहो, आपल्याकडेही स्काउटर आहेतच की! सीईटीचा स्कोअर, पॉइंटर, केटींची संख्या. आकडा वाचून प्रोजेक्ट ग्रुपमध्ये कोणाला घ्यायचं नाही ते आपण ठरवून टाकतो. माझं म्हणणं एवढंच, की ग्रुप पाडताना कथेचा नको, गेमचा नियम लावा. केटीवाल्यालाही पूर्ण लाईफ देऊन बघा, मग बोला!