घरातील गुप्तधन

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत धूळ आणि कोळिष्टके यांखेरीज आणखीही काही हाती लागते, हा अनुभव आपणांपैकी अनेकांस असेल. कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेली नोट, शिवणयंत्राच्या खणात बटणांच्या डबीखाली ठेवलेले एखादे कुडे, गेल्या हिवाळ्यात हरवली म्हणून जिच्यासाठी मोलकरणीवर उगाच संशय घेतला गेला ती अंगठी. सापडल्याचा आनंद होतोच. परंतु तिथे ती वस्तू गेली कशी, या प्रश्नाकडे मात्र आपण फारसे वळत नाही. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करू.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या आत्याबाईंचे घर आहे. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांप्रमाणेच घरात मराठी, दारात छत्तीसगढी आणि बाजारात हिंदी असा त्या घराचा व्यवहार. आत्याबाई २०१७ च्या उन्हाळ्यात वारल्या. पुढे दोन वर्षांनी देवघराला रंग द्यावयाचा म्हणून तेथील सामान बाहेर काढले, तेव्हा लाल वस्त्रात गुंडाळलेली त्यांची शिवलीलामृताची पोथी सुनेने सहज उघडली. पानांमध्ये पाचशेच्या नऊ नोटा होत्या. एका ठिकाणी नव्हे. दर अध्यायाला एक, खूण ठेवावी तशा. नोटा कोऱ्या करकरीत होत्या आणि त्यांतली एकही चालणारी नव्हती.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या तत्कालीन नोटा रद्द झाल्या. त्या बँकेत भरण्यास ३० डिसेंबरपर्यंतची मुदत होती. त्या दिवसांत घरोघरी काय घडले ते आपणांस आठवत असेल. मसाल्याच्या डब्यांतून, रजयांच्या खोळींतून, फडताळात अंथरलेल्या वर्तमानपत्रांखालून गृहिणींची वर्षानुवर्षांची शिल्लक बाहेर आली आणि ती पतिराजांच्या हवाली करताना अनेकींना चोरी पकडली गेल्यासारखे वाटले. आत्याबाईंनाही घरात विचारले होते. “माझ्याकडे कुठले आले पैसे?” एवढेच त्या म्हणाल्या. त्या खोटे बोलल्या, असे आज कोणी म्हणत नाही. दृष्टी अधू झाल्यापासून त्यांनी पोथी उघडली नव्हती. ठेवलेले त्या बहुधा विसरल्याही असतील. नवा चष्मा करू म्हटले की “आता कशाला खर्च?” असे त्यांचे उत्तर ठरलेले असे. चष्म्याचे पैसे पोथीतच होते, आणि पोथी वाचण्यास चष्मा नव्हता.

या प्रसंगावरून वृद्ध स्त्रियांच्या भोळेपणास हसणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. जिच्या नावावर घर नाही, शेत नाही, बँकेत खाते नाही, तिला आपले म्हणावे असे काही तरी हवे असते. लेकीच्या बाळंतपणाला, नातवाच्या वह्यांना, कधी स्वतःच्या औषधाला कोणापुढे हात पसरावा लागू नये, यासाठी ती भाजीच्या पैशांतून चार रुपये बाजूला टाकते. तिचा तो चोरकप्पा हा तिच्या स्वाभिमानाचा कोपरा होय. दोष लपविण्यात नाही. ज्या घरात तिला ते लपवावे लागले आणि शेवटपर्यंत कोणाला सांगावेसे वाटले नाही, त्या घराने मात्र थोडे अंतर्मुख व्हावे.

सापडलेल्या धनाचे पुढे काय होते, याचा एक धडा रायपुरातच पाहावयास मिळतो. येथील महंत घासीदास स्मारक संग्रहालय १८७५ मध्ये राजनांदगावच्या महंत घासीदासांच्या औदार्याने उभे राहिले. तेथे लाकडाचा एक जुना स्तंभ आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी तत्कालीन बिलासपूर जिल्ह्यातील किरारी गावचा हिराबंध तलाव उन्हाळ्यात आटला आणि शेतकरी शेतात टाकण्यासाठी त्यातील गाळ काढू लागले. त्या गाळातून हा स्तंभ निघाला. त्यावर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेला होता. सतरा-अठराशे वर्षे पाण्याखाली जो सुखरूप राहिला, तो बाहेर येताच उन्हाने सुकू लागला, लाकडाच्या ढलप्या उडाल्या आणि बरीचशी अक्षरे नाहीशी झाली. सुदैवाने त्यापूर्वीच एका स्थानिक पंडिताने ती अक्षरे जशी दिसली तशी कागदावर उतरवून घेतली होती. त्या नकलेमुळेच आज आपणांस कळते की, स्तंभावर त्या काळच्या राज्याधिकाऱ्यांची पदनामे होती: नगररक्षक, सेनापती, लेखहारक आणि भांडाराचा राखणदार जो भांडागारिक, तोही. स्तंभ सापडला तो योगायोगाने. परंतु तो वाचला तो एका दक्ष माणसाने वेळीच केलेल्या नोंदीमुळे. पोथीतल्या नोटांना ते भाग्य लाभले नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. जुनी गादी पिंजाऱ्याकडे, पुस्तके रद्दीवाल्याकडे किंवा कपाट कबाड्याकडे देण्यापूर्वी ती एकदा नीट चाचपावी. तसबिरीची पाठ, धान्याच्या कोठीचा तळ, औषधांच्या रिकाम्या डब्या आणि लुगड्यांच्या घड्या विसरू नयेत. शक्य तर हे काम घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून करावे. त्यांची आठवण आपल्या हातांपेक्षा लवकर पोहोचते.

वाळवीने खाल्लेली नोट सापडली तर ती फेकू नये. पन्नास रुपये वा त्याहून मोठ्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा मूळ आकाराच्या ८० टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण आणि ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी किंमत मिळते. दोन हजारांची नोट निघाल्यासही हताश होऊ नये. तिचे चलन २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर बँकांनी ती स्वीकारणे बंद केले असले, तरी रिझर्व्ह बँकेच्या १९ निर्गम कार्यालयांत तिची सोय ठेवण्यात आली. रायपूरकरांना त्यांतले जवळचे नागपूर. शिवाय टपालाने पाठविण्याचीही मुभा देण्यात आली. पाचशे-हजाराच्या जुन्या नोटांना मात्र असा मार्ग उरलेला नाही, आणि २०१७ च्या कायद्याने दहाहून अधिक जुन्या नोटा जवळ बाळगणे हा अपराध ठरविला आहे.

पासबुकेही नीट पाहावीत. दहा वर्षे ज्या खात्याला कोणी हात लावला नाही, त्यातील रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करते. पण खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क त्याने बुडत नाही. अशी खाती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. आजीच्या नावाने तेथे शोध घेण्यास नातवाला पाच मिनिटे पुरतील.

आणि जे सापडले ते आपले नसेल तर? जुन्या बाजारातून आणलेल्या कपाटात कोणाची तरी पाटली निघाली, तर तिच्या धन्याचा शोध घेणे हे केवळ सौजन्य नव्हे; मालक माहीत असताना किंवा सहज शोधता येत असताना वस्तू गिळंकृत करणे हा गुन्हा आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले. दहा रुपयांचा तो आकडा आज हास्यास्पद वाटतो; परंतु हंडा मिळताच तोंड मिटण्याची मनुष्याची सवय काही त्यानंतर बदललेली नाही.

वाचकहो, लपविलेली वस्तू चोरापासून वाचते, आणि ती जागा एकट्याच्याच मनात राहिली तर घरालाही मुकते. म्हणून या दिवाळीत एक करा. काय कोठे आहे याची नोंद एका कागदावर लिहा आणि तो कागद कोठे आहे हे विश्वासातील एका माणसास सांगा. घरात कोणी वृद्धा असेल तर तिला “काय लपवले आहेस?” असे विचारू नका. तिच्याजवळ घटकाभर बसा, तिची पोथी तिला वाचून दाखवा. मध्येच काही सापडले, तर ते तिच्या हातात ठेवा आणि पुढचा अध्याय सुरू करा.