टेबलाखालचा डबा आणि यूएसबी हब

टेबलावरच्या वायरींचा गुंता लपवायला दोन-तीन यूएसबी हब एका लाकडी डब्यात बसवून टेबलाखाली लावायचा विचार करताय? जरूर करा. पण आधी करंटचा हिशेब मांडा.

लॅपटॉपच्या साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर करंट मिळतो, ३.० मधून ९००. एका हबला दुसरा हब जोडला, की तेवढ्यातच सगळ्यांची वाटणी होते. माउस, कीबोर्ड, पेन ड्राइव्हचं त्यात भागतं. पोर्टेबल हार्ड डिस्कचं मात्र भागेलच असं नाही. बारशाचे फोटो कॉपी होत असताना ती मध्येच बंद पडली, तर फाइल्स खराब होऊ शकतात. म्हणून हब घेताना स्वतःचा अडॅप्टर असलेलाच घ्या.

एकामागे एक अशी हबची साखळी जास्तीत जास्त ५ पर्यंत चालते. पण ७ पोर्टच्या बऱ्याच हबमध्ये आत दोन हब आधीच जोडलेले असतात, तेव्हा ते दोन धरा. शक्यतो प्रत्येक हब थेट कॉम्प्युटरलाच जोडा. हार्ड डिस्कलाही थेट पोर्ट द्या, म्हणजे स्पीड वाटला जाणार नाही.

डब्याला मागून आणि खालून भोकं पाडा. अडॅप्टर आणि एक्स्टेंशन बोर्ड डब्याबाहेरच ठेवा. बंद लाकडी डब्यात उष्णता साठते. वायरी कापून जोडत बसू नका, तयार केबल वापरा आणि प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवा.

झाकणाचे स्क्रू आवळण्यापूर्वी सगळं एकदम चालू करून तासभर बघा. काही बंद-चालू होत असेल, तर करंट कमी पडतोय हे ओळखा.