साधने वाढली, निवडीचे काय?

आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातील जोडप्यांना अधिक अपत्ये होऊ देण्याचे आवाहन केले. पाठोपाठ नोव्हेंबरात, दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक लढवता येणार नाही, ही अट राज्याच्या विधिमंडळाने रद्द केली. मात्र याच राज्यात, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१), १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ७० टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. मग हे आवाहन नेमके कोणाला? काल थांबा म्हणणारी राज्यसंस्था आज पुढे या म्हणते आहे. पण स्त्रीला काय हवे, हा प्रश्न दोन्ही वेळा कार्यक्रमपत्रिकेवर नव्हताच.

शासकीय कुटुंब नियोजन कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश. १९५२ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाने आणीबाणीत सक्तीचे रूप घेतले आणि १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली. त्याची राजकीय किंमत सत्ताधाऱ्यांनी मोजली. त्यानंतर कार्यक्रम थांबला नाही. त्याचा भार तेवढा पुरुषांवरून स्त्रियांवर सरकला. पाचव्या पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. वास्तविक बिनटाक्याची पुरुष नसबंदी ही स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी आणि कमी धोक्याची.

या विषमतेची किंमत छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्याने २०१४ च्या नोव्हेंबरात दाखवून दिली. एका शिबिरात एकाच शल्यविशारदाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. ते शिबिर आणि त्यालगतची शिबिरे मिळून १३ स्त्रिया दगावल्या. पुढे ‘देविका बिस्वास’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आणि त्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रे बळकट करण्याचा आदेश दिला.

दरम्यान विज्ञान पुढे गेले होते. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेली, संप्रेरके नसलेली सेंटक्रोमन गोळी ‘छाया’ या नावाने, तर तीन महिन्यांतून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन ‘अंतरा’ या नावाने २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात दाखल झाले. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवण्याची सोय झाली. दंडाच्या त्वचेखाली बसवावयाचे, काही वर्षे परिणामकारक राहणारे रोपणही २०२३ पासून काही राज्यांत टप्प्याटप्प्याने येऊ लागले. तरीही पाचव्या पाहणीत इंजेक्शन वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण होते अवघे ०.६ टक्के, आणि तांबीचे २.१ टक्के.

याचे खापर स्त्रियांच्या अज्ञानावर फोडणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. नसबंदी एकदाच करावी लागते. पुन्हा पुन्हा दवाखान्याच्या वाऱ्या नकोत, नवऱ्याची मनधरणी नको. अनेक स्त्रिया विचारपूर्वक तिची निवड करतात. अंतर राखण्याच्या साधनांना मात्र आरोग्य यंत्रणेचा वेळ लागतो. ‘अंतरा’मुळे पाळी अनियमित होऊ शकते आणि ते थांबवल्यावर गर्भधारणेस सात ते दहा महिने लागू शकतात. हे आधी सांगितलेले नसेल, तर स्त्री पहिल्या रक्तस्रावालाच घाबरून इंजेक्शन सोडते. बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना डॉक्टर किंवा परिचारिकेने ते केव्हा सांगावे? रोपणाच्या बाबतीत तर ते बसवण्याइतकेच काढण्याचे प्रशिक्षण महत्त्वाचे आहे. मागताक्षणी काढून मिळत नाही, ते साधन ऐच्छिक कसे म्हणावे? १९८० च्या दशकात स्त्री संघटनांनी गर्भनिरोधक इंजेक्शनांना विरोध केला, तोही पुरेशी माहिती आणि पाठपुरावा यांच्या अभावावर बोट ठेवूनच.

पुरुषांसाठीचे संशोधनही थांबलेले नाही. खरगपूर आयआयटीचे सुजय गुहा यांच्या कल्पनेतून साकारलेल्या ‘रिसग’ या दीर्घकालीन इंजेक्शनच्या, ३०३ पुरुषांवरील तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे आशादायक निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु हाताशी असलेली बिनटाक्याची शस्त्रक्रियाच जिथे पुरुष नाकारतात, तिथे केवळ नव्या औषधाने भार वाटला जाईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

नाण्याची दुसरी बाजू वंध्यत्वाची. पंचविशीच्या आसपास नसबंदी झालेल्या स्त्रीचे मूल दगावले किंवा तिचा पुनर्विवाह झाला, तर गर्भनलिका पुन्हा जोडणे अथवा नलिकाबाह्य फलन हेच मार्ग उरतात. भारतातील पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ १९७८ मध्येच कोलकात्यात, डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून जन्मली. आज हे उपचार मुख्यतः खासगी रुग्णालयांत एकवटले आहेत. २०२१ च्या सहायक जननतंत्र कायद्याने केंद्रांची नोंदणी अनिवार्य केली, स्त्री-दात्यांच्या संरक्षणाची तरतूद केली. पण परवडण्याचा प्रश्न सोडवला नाही. ‘आयुष्मान भारत’ विम्यातून तर वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत. जननेंद्रियांचा क्षयरोग, प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग ही टाळता वा बरी करता येण्याजोगी कारणेही वेळीच शोधली जात नाहीत. सरकारी दवाखान्यात नसबंदी फुकट आणि अपत्यप्राप्तीचा उपचार मात्र कर्ज काढून, असा हा व्यवहार आहे.

पाचव्या पाहणीतच (२०१९-२१) देशाचा एकूण जननदर २.० वर आला होता. लोकसंख्येच्या विस्फोटाची भाषा त्यामुळे कालबाह्य झाली. तिची जागा लोकसंख्या घटण्याच्या भीतीने घेऊ नये. यशाचे मोजमाप बदलायला हवे. किती नसबंद्या झाल्या याऐवजी किती केंद्रांत सर्व साधने उपलब्ध आहेत, साधन मागताक्षणी काढून मिळते का, जिल्हा रुग्णालयात पती-पत्नी दोघांचीही वंध्यत्वाची प्राथमिक तपासणी होते का, हे मोजले जावे. मूल नको असलेल्या आणि मूल हवे असलेल्या स्त्रीला एकाच दारातून सन्मानाने आत जाता आले, तरच त्या कार्यक्रमाला ‘कुटुंब नियोजन’ हे नाव शोभेल.