हाली रुपया मोडीत घालण्याआधी

घाना हा आफ्रिकेतला देश ६ मार्च १९५७ ला इंग्रजांच्या राज्यातून सुटला. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या नाण्यावर क्वामे एन्क्रुमा यांचा चेहरा आला. १९६० ला प्रजासत्ताक झाल्यावर तर त्यांनी आठवण म्हणून खास सोन्याचं नाणं पाडलं. नव्या देशाला जगाला सांगायचं असतं, की आता आमचा शिक्का चालणार.

मग आपलं काय? देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. बीडसकट मराठवाड्याला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. तेरा महिने जास्त. आणि त्यानंतरही लोकांच्या खिशात रुपया निजामाचाच होता! चारमिनार छापलेला हाली रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशोब. नवा हाली काढणं १९५१ ला थांबलं, पण जुना कायद्यानं पूर्ण बाद व्हायला १९५९ साल लागलं. म्हणजे राज्य गेलं, तरी शिक्का अकरा वर्षं टिकला.

आष्टी-पाटोद्याकडच्या लोकांना हे जास्त कळेल. पलीकडं नगर जिल्हा, इंग्रजांचा मुलूख. बाजाराला जायचं तर मधे निजामाचा करोडगिरी नाका, आणि पलीकडं पैसा वेगळा. आज एका तासात ज्या गावाला आपण जातो, तिथं आपल्या आजोबांचा रुपया तसाच्या तसा चालत नव्हता. मुक्तिसंग्राम कशासाठी होता, हे पोराला सांगायला यापेक्षा सोपं उदाहरण मला तरी दिसत नाही.

पण हे उदाहरण आता आपल्या डोळ्यांदेखत वितळतंय. चांदीचा भाव वाढला की आजीच्या पेटीतले हाली रुपये सराफाकडं जातात. तांड्यावरच्या जुन्या दागिन्यांत ओवलेली नाणीही तशीच मोडीत निघतात. वजनावर भाव होतो, विषय संपतो. गरजेला मोडणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. दवाखान्याचं बिल इतिहासानं भरत नाही.

काही जण म्हणतील, निजामाचा शिक्का कशाला जपायचा? मी म्हणतो, त्याचाच जपायचा. तो त्याचा गौरव नाही, आपल्या सुटकेचा पुरावा आहे. घानात १९६६ ला एन्क्रुमांची सत्ता उलथली आणि नंतरच्या नाण्यांवरून त्यांचा चेहरा गेला. तरी जुनी नाणी राहिली, म्हणून तो काळ आज हातात धरून दाखवता येतो.

म्हणून माझी साधी मागणी आहे. येत्या १७ सप्टेंबरला जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेनं झेंडावंदनानंतर एक तास यासाठी द्यावा. ज्यांच्या घरी हाली नाणं आहे त्यांनी ते दाखवावं, फोटो काढावा, नाणं घरी परत न्यावं. सोबत घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून चार ओळी लिहाव्यात: हे कुठून आलं, यात काय मिळायचं, बदलून कधी घेतलं. हे सगळं जिल्हा परिषदेनं एका जागी जमा करावं. खर्च जवळपास काहीच नाही.

१९४८ ला जी दहा वर्षांची होती ती माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत. नाणं एकदा वितळलं तर त्याची चांदी तरी उरते. त्यांच्याजवळची आठवण गेली, तर काहीच उरत नाही.